सुतापेक्षा कमी

क्रँक हार्मने कुणाला न विचारता मागवला.
जुन्यापेक्षा चार मिलीमीटर लांब धाव,
दोन वर, दोन खाली.
फेब्रुवारीत गॅरेजमध्ये, हीटर पायाशी ओढून
आम्ही तो हाताने फिरवून पाहिला.
पिस्टन चढत गेला, चढत गेला,
आणि अगदी माथ्याशी
टक्.

काचेवर नख वाजावं, इतकाच आवाज.
हार्मने पाना खाली ठेवला
आणि दार उघडून बर्फाकडे बघत उभा राहिला,
सगळी ऊब बाहेर घालवत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत.
इथे पाय पसरून झाले होते, हप्त्यांवर.
आता अंथरूणच वाढवायचं:
सिलिंडरच्या बुडाखाली एक प्लेट,
दोन मिलीमीटर, सुतापेक्षाही कमी,
म्हणजे अख्खं सिलिंडर तेवढं वर उचललं जाईल
आणि पिस्टनचं डोकं आपटणार नाही.
अशा प्लेटी विकत मिळतात.
हार्मकडे पेट्रोलपुरतेही उरले नव्हते.

आई आली ती काखेत पिवळा फलक घेऊन.
सव्वीस वर्षं तिने काउंटीच्या रस्त्यांवर खांब रोवले.
मिशिगन सरोवराची वाळू
आमच्या गल्लीच्या टोकाला दरवर्षी थोडी पुढे येते.
आधी स्निप मंडळींचं कुंपण गेलं,
मग त्यांची पत्रपेटी, मग स्वयंपाकघराची खिडकी.
दर दोन-तीन वर्षांनी आई खांब उपटायची
आणि 'पुढे रस्ता नाही'
आणखी थोडं अलीकडे सांगायची.
गंजले, वाकले, बदलले ते सगळे फलक
तिने कोठारात उभे करून ठेवलेत.
का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

"मोजा," ती म्हणाली.
कॅलिपरवर दोन पूर्णांक शून्य तीन.
हार्म पहिल्यांदा हसला त्या आठवड्यात.

पिवळा थर गरम हवेने सोलला.
जुन्या गास्केटचा छाप घेऊन भोकं आखली,
चार बोल्टांची, वायूच्या वाटांची, मधलं मोठं.
कानस माझ्याकडे आली.
मग काचेवर एमरी पेपर, त्यावर तेल, त्यावर पत्रा,
आणि इंग्रजी आठ काढत बसणं,
शंभर, दोनशे,
मनगट आपलं राहत नाही तोवर.

बसवलं. हवा भरली. काटा हळूहळू उतरला.
साबणाचा फेस लावला तर डाव्या कोपऱ्यात
एक बुडबुडा, मोहरीएवढा, पुन्हा पुन्हा.
कधीतरी कुणा शिकाऱ्याने फलकावर छर्रा झाडला होता,
त्याचा पोचा, डोळ्याला न दिसणारा.
तिथून हवा शिरली तर मिश्रण विरळ,
विरळ तर पिस्टन तापून भिंतीला चिकटणार,
तेही वाळूच्या चढावर, पूर्ण वेगात.
हार्म म्हणाला, चालेल एवढं.
आईने एक शब्द न बोलता बोल्ट सोडवले.

दुसरा तुकडा 'नाही'मधून कापला.
काटा सहा मिनिटं जागचा हलला नाही.
आम्ही तिघं त्याच्याकडे
आजाऱ्याच्या छातीकडे बघावं तसं बघत होतो.

पण सिलिंडर उचललं की त्याच्या खिडक्याही उचलल्या जातात.
धूर आधी सुटतो, जोर उशिरा येतो.
खाली सुस्त, वर पिसाळलेलं,
अशी झाली ती गाडी.
हार्मने मला बजावून सांगितलं, आईला नाही.

एप्रिलमध्ये टेकड्या उघडल्या.
आई चौसष्ट वर्षांची, काउंटीचं जुनं जाकीट घातलेली.
तिने किक मारली, दुसऱ्यांदा मारली,
आणि स्निपांचं घर जिथे असावं त्या वाळूवरून
अर्ध्या चढापर्यंत रडतखडत गेली.
मग तो आवाज बदलला.
माझ्या पोटात काहीतरी हललं.
ती माथ्यावरून पलीकडे दिसेनाशी झाली,
आणि बराच वेळ नुसता आवाज येत राहिला,
कधी सरोवराकडून, कधी पाठीमागून.

परत आली तेव्हा दातांत वाळू होती.
हेल्मेट काढून हार्मला म्हणाली,
"खाली ढिली आहे."
थुंकली. "हप्ते किती राहिलेत?"